सुया विसरलेली खोली

बारा ऑगस्टला माझ्या मेहुणीने विद्यापीठाच्या फीच्या खिडकीवर सत्तेचाळीस हजार तीनशे ऐंशी रुपये भरले आणि संध्याकाळी पावती आणून माझ्यापुढे ठेवली. मी एका गोदाम कंपनीत हिशेब पाहतो. त्यामुळे माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय घरातली कुठलीही पावती खरी मानली जात नाही.

"भावोजी, नीट बघा. नाव बरोबर आहे ना?"

"नाव बरोबर आहे. वय कुठे लिहिलेलं दिसत नाही."

"फी घेताना वय विचारत नाहीत. तेवढी माणुसकी उरलीय अजून."

तिचे वय तेव्हा त्रेचाळीस होते. वर्गातली बाकीची मुले तिच्या निम्म्या वयाची. घरात तिला सगळे धाकटी म्हणतात. माझी पत्नी तिची थोरली बहीण, आणि धाकटी आमच्याच घरात वरच्या खोलीत राहते. तिने लग्न का केले नाही हा प्रश्न आमच्या नात्यात इतक्यांनी इतक्या वेळा विचारला, की शेवटी विचारणारेच कंटाळले.

त्याआधी एकोणीस वर्षे ती गोळ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणीवर होती. तिथे काचेच्या भांड्यात अंगाइतके कोमट पाणी ठेवलेले असे आणि त्यात एक दांडी फिरत असे. गोळी त्यात टाकायची आणि किती वेळात किती विरघळते ते मोजायचे. ठरल्या वेळेत विरघळली नाही, तर सगळी बॅच परत. बनवणाऱ्या विभागातले लोक तिला पाठीमागे 'परतबाई' म्हणत. तिला ते माहीत होते आणि मनातून आवडतही असावे. पुढे कारखाना दूरच्या शहरात हलला. धाकटी गेली नाही. हिशेबाचे पैसे घेऊन घरी आली आणि महिनाभर नुसती पुस्तके चाळत बसली. ती औषधांचे दुकान टाकेल असे आम्हाला वाटले होते.

"मी शिकणार आहे," तिने एका सकाळी जाहीर केले. "औषधी रसायनशास्त्र."

"आणि इतकी वर्षं काय केलंस?" पत्नीने विचारले.

"गोळी विरघळते का ते बघितलं. विरघळल्यावर पुढे तिचं काय होतं, ते मला कुणी सांगितलंच नाही, ताई. रोज लोकांना गाडीत बसवून द्यायचं आणि आपण फलाटावरच."

मग जेवणाच्या टेबलावर आम्हालाही थोडेफार शिक्षण मिळू लागले. मी वाणिज्य शाखेचा. रसायनशास्त्र माझ्या डोक्यावरून जाते. पण धाकटीची सांगण्याची तऱ्हा अशी होती की उठून जाता येत नसे.

"औषधाला पोहोचायचं असतं शरीरातल्या एका ठरलेल्या टेबलापाशी, जिथे त्याचं काम असतं," ती सांगे. "पण आधी पोटात विरघळायचं, मग आतड्यातून रक्तात शिरायचं, मग यकृतातून जायचं. यकृताच्या हाताखालून काहीही गेलं, की ते त्याच्यावर काही ना काही खरडल्याशिवाय सोडत नाही."

"म्हणजे आमचा हेडक्लार्क."

"अगदी तोच. आणि एकदा शेरा पडला की कागद बहुतेक वेळा कामाचा राहत नाही. त्यातून सुटला तर टेबलापाशी पोहोचायचं, तिथे नीट बसायचं, काम करायचं आणि मुकाट्याने बाहेर पडायचं."

"बाहेर कसं पडायचं तेही शिकवतात?"

"तेच तर मोठं प्रकरण आहे, भावोजी. न जाणारा पाहुणा म्हणजे विषच."

पत्नीने आमटीचा डाव खाली ठेवला. "हे तू आमच्या वरच्या खोलीत राहून बोलतेस होय?"

धाकटी इतकी हसली की तिला ठसका लागला.

पहिले वर्ष पाठांतराचे गेले. दुसऱ्या वर्षी प्रबंध होता. तिचे मार्गदर्शक, ज्यांना सगळे नुसते 'सर' म्हणत, तिच्यापेक्षा दोनतीन वर्षांनी लहानच होते. बारीक अंगाचे, शर्टाच्या खिशाला कायम शाईचा डाग असलेले, आणि कुणाशीही 'तुम्ही'शिवाय न बोलणारे. त्यांनी तिला एक जुने औषध दिले. सूज उतरवणारे हे औषध आपल्या टेबलापाशी घट्ट बसे, काम चोख करी, पण पाण्यात विरघळायलाच तयार नसे. त्यामुळे पोटातच पडून राही. धाकटीने करायचे ते एवढेच, की त्याच्या रेणूचे एक टोक बदलायचे. बदल असा हवा की ते पाण्यात विरघळेल, पण टेबलाशी बसण्याची सवय सोडणार नाही. "पाहुणा तोच, नुसता कोट बदलायचा," असे ती म्हणे.

त्यांची लॅब मी एकदा तिचा विसरलेला डबा द्यायला गेलो तेव्हा पाहिली. लांबट खोली, काळ्या दगडाचे ओटे, कोपऱ्यात धूर ओढून घेणारी काचेची कपाटे, आणि प्रत्येक ओट्यावर कुणाचे ना कुणाचे काहीतरी उकळत किंवा निवत ठेवलेले. मुले तिला 'मावशी' म्हणत होती. "मावशी, माझे स्फटिक येत नाहीयेत हो," असे म्हणत एक उंच मुलगा चंबू घेऊन आला. पदार्थ गरम अल्कोहोलमध्ये विरघळवून निवत ठेवला की त्याचे स्फटिक व्हावेत अशी अपेक्षा असते. पण कधी कधी ते हटून बसतात. धाकटीने काचकांडी घेऊन चंबूच्या आतल्या बाजूला दोनदा खरडले. बघता बघता सगळे पांढरे झाले.

"जादू!" मी म्हणालो.

"जादू कसली? त्यांना सुरुवात कुणी करायची हे कळत नसतं. ओरखडा दिला, नाहीतर आधीच्या मालातला एखादा कण टाकला, की त्याचं बघून बाकीचे जमतात. मिठाईच्या दुकानापुढे माणसं जमतात ना, तसं."

या वाक्याने पुढे तिला चांगलेच छळले.

नोव्हेंबरात तिचा पदार्थ तयार झाला. पांढऱ्या, मऊ, कापसासारख्या दिसणाऱ्या बारीक सुया. कोमट पाण्यात टाकल्या की दिसेनाशा होत. टेबलाशी बसण्याच्या परीक्षेतही त्या उतरल्या. सरांनी विभागाच्या बैठकीत ही गोष्ट सांगितली आणि दुसऱ्या एका संस्थेलाही कळवून टाकली. धाकटी त्या दिवशी घरी आली ती जिना चढताना शीळ घालत.

तो सगळा माल निरनिराळ्या चाचण्यांत संपला. जानेवारीत तिने पुन्हा बनवायला घेतला. तीच कृती, तीच मापे. निवल्यावर चंबूच्या तळाशी खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे कठीण दाणे बसले. कोमट पाण्यात टाकले, तर तासाभराने तसेच. तिने पुन्हा केले. पुन्हा दाणेच. यंत्रावर तपासले तर रेणू तोच निघाला, त्यात कसलीही भेसळ नाही.

ही गोष्ट तिने आम्हाला आठवडाभर सांगितली नाही. एका संध्याकाळी तिने जेवताना भाजीत मीठ नाही हे सांगितले नाही, तेव्हा पत्नीला संशय आला.

"सर काय म्हणतात?" सगळे ऐकून झाल्यावर मी विचारले.

"सर ओरडत नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, कदाचित पहिल्या मालात काहीतरी मिसळलं असेल आणि तेच विरघळलं असेल. कदाचित वजन चुकलं असेल. मार्चअखेर पुन्हा तसाच माल मिळाला तर ठीक, नाहीतर प्रबंधातलं ते प्रकरण काढून टाकायचं, पुढच्या वर्षी नव्या विषयावर बसायचं. आणि त्यांना सगळीकडे कळवावं लागेल, की निष्कर्ष पुन्हा मिळाला नाही."

"म्हणजे आणखी एक वर्षाची फी," मी म्हणालो आणि लगेच जीभ चावली.

"फीचं सोडा हो." ती ताटाकडे बघत म्हणाली. "एकोणीस वर्षं मी लोकांचा माल परत पाठवला. कुणी म्हणायचं, बाई, काल बरोबर येत होता. मी म्हणायचे, कालचं मला सांगू नका, आज दाखवा. आता मी सरांपुढे उभी राहून तेच म्हणतेय. काल बरोबर येत होता."

तिला काय झाले असावे याचा अंदाज होता. एकाच पदार्थाचे रेणू दोन तऱ्हांनी रचले जाऊ शकतात. सुयांची रचना सैल असते, दाण्यांची घट्ट. सैल रचना पाण्याला लगेच वश होते, घट्ट होत नाही. पहिल्यांदा सुया जमल्या, कारण दाणा कसा असतो हे त्या खोलीत कुणाला ठाऊकच नव्हते. मग कधीतरी एका चंबूत योगायोगाने पहिला दाणा जमला. वाळवताना, कुटताना त्याची डोळ्यांना न दिसणारी धूळ खोलीभर झाली. आता कुठलाही चंबू निवायला ठेवला की त्यात आधी धूळ पडते, आणि बाकीचे तिचे बघून जमतात. ती खोली सुया विसरली होती.

सरांना हे तिने सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"असं होतं हे मीही वाचलंय," ते म्हणाले. "पण तुम्ही माझ्या जागी बसून बघा. ज्यांचं ज्यांचं काम फसतं, ते सगळे हेच सांगतात. ज्या खोलीत तो दाणा कधी गेलेलाच नाही, तिथे सुया करून दाखवा. मी आनंदाने मान्य करीन."

तशी खोली शोधणे अवघड नव्हते. बाजूच्या इमारतीत वनस्पतिशास्त्राची लॅब होती. धाकटीने तिथे एक ओटा मागून घेतला, नवी काचभांडी घेतली, न उघडलेल्या बाटल्या नेल्या. शेवटच्या पायरीचे दोन्ही घटक बाजारात मिळत, त्यामुळे जुन्या मालाला हात लावायची गरज नव्हती. सर स्वतः शेजारी उभे राहिले. चंबू निवला.

दाणे.

त्या दिवशी ती पायी घरी आली. आमचे घर विद्यापीठापासून चांगलेच लांब आहे. मी दार उघडले तर म्हणाली, "भावोजी, बॅच परत," आणि वर निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. पत्नी पलंगावर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. धाकटी चहाचा कप घेऊन तिच्यासमोर बसली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली, ताईला नव्हे, स्वतःलाच. खोली नवी. काच नवी. बाटल्या नव्या.

"आणि अंगावर काय होतं?" पत्नीने विचारले.

"ॲप्रन."

"नवा?"

"माझाच. रोजचा. धुतलेला होता."

"आत स्वेटर?"

"हाच."

"चष्मा?"

"अगं ताई, चष्मा काय रोज नवा करतात?"

पत्नीने उशीच्या अभ्र्याची घडी दाबून बसवली. "चौथीत तुझ्या डोक्यात उवा झाल्या होत्या, आठवतंय? माझ्या डोक्यात येऊ नयेत म्हणून आईने तुला मावशीकडे धाडलं. मावशीच्या तिन्ही मुलींना झाल्या. घर बदललं म्हणून उवा काही मागे राहत नाहीत."

धाकटीने कप खाली ठेवला. बराच वेळ ती आपल्या स्वेटरच्या बाहीकडे बघत राहिली. लोकरीचा, जाड विणीचा, दोन हिवाळे त्या लॅबमध्ये घातलेला.

"मीच नेले," ती म्हणाली. "आणि सरांनी. आम्ही दोघांनी मिळून नेले!" आणि एकदम उठून तिने बहिणीला मिठी मारली. घड्या सगळ्या विस्कटल्या.

"लांब हो, आधी तो स्वेटर काढ! माझ्या घरात दाणे पसरवू नकोस."

"ताई, तुझं नाव मी प्रबंधात घालणार."

"उवांच्या प्रकरणात मला मुळीच घालू नकोस."

मग आमच्या घरात जी तयारी चालली ती मी आजवर पाहिली नव्हती. शेजारी शाळेत विज्ञान शिकवणारे मास्तर राहतात. त्यांच्या शाळेची छोटी लॅब रविवारी रिकामी असते. त्यांनी परवानगी काढली, वर "फुटेल ते भरून द्यावं लागेल" असेही बजावले. धाकटी आदल्या दिवशी लॅबमध्ये गेलीच नाही. सकाळी केस धुतले, नखे कापली, ताईचा सलवार-कमीज घातला, ताईचा जुना चष्मा लावला. नंबर जवळपास सारखा होता, पण नाकावर टिकेना, म्हणून मागून दोरी बांधली. ॲप्रनऐवजी ताईचा कोरा स्वयंपाकाचा ॲप्रन, ज्यावर दोन मोठी लाल सफरचंदे छापलेली होती. मदतनीस म्हणून मी, कारण दाणे आल्यापासून त्या लॅबमध्ये पाऊल न टाकलेला, हाताशी असलेला माणूस मीच होतो. माझी दुसरी कोणतीही पात्रता नव्हती.

खरा पेच सरांचा होता. त्यांनी पाहिल्याशिवाय मान्य होणार नव्हते, आणि त्यांना आत घेतले तर सगळे मुसळ केरात. शेवटी ठरले की ते खिडकीबाहेर उभे राहतील. तळमजल्याची खिडकी, काच बंद. सर वेळेवर आले, हात मागे बांधून व्हरांड्यात उभे राहिले. आत आम्ही तिघे: धाकटी, मास्तर आणि मी.

बाटल्यांची सीले तिने काचेजवळ नेऊन सरांना दाखवली आणि मग तोडली. वजन केले तेव्हा मास्तरांनी आकडा मोठ्याने वाचला, सरांनी मान डोलावली. दोन्ही घटक चंबूत घालून तापवायला ठेवले. मला काम दिले होते तापमापकाकडे बघत राहण्याचे. मी ते इतक्या निष्ठेने केले की मान आखडली. मग गरम द्रव शाळेच्या काचेच्या नरसाळ्यातून गाळला, कारण आमचे नवे नरसाळे चंबूच्या तोंडात बसेना. गाळलेला स्वच्छ द्रव ओट्यावर निवत ठेवला.

आता करण्यासारखे काही नव्हते.

"खरडायचं का?" मी हळूच विचारले. तेवढे एक मला येत होते.

"हात लावलात तर बघा!"

सरांनी बाहेरून खिशातला कागद काढला, त्यावर काहीतरी लिहिले आणि काचेला लावून धरले. 'ओटा हलवू नका.' मी ओट्यावर टेकलो होतो. लगेच सरळ झालो.

मैदानावर कुणीतरी चेंडू भिंतीवर आपटत होते. मास्तर खुर्चीत बसून पेंगू लागले. धाकटी चंबूकडे बघत नव्हती. कारखान्यात असताना तिची हीच सवय होती म्हणे, भांड्याकडे बघायचे नाही, घड्याळाकडे बघायचे. पण तिची बोटे ॲप्रनच्या सफरचंदावर गोल गोल फिरत होती. तिने मला इतकेच म्हटले, "भावोजी, दाणे आले तर मी आजच सरांना सांगणार. प्रकरण काढून टाका म्हणून. मार्चची वाट बघायची नाही."

"बरं," मी म्हणालो.

आधी द्रव थोडा धुरकट झाला. मला वाटले माझ्याच चष्म्यावर वाफ आली. मग मध्येच, तळाशी नव्हे, एक पांढरा केस तरंगताना दिसला. त्याच्या शेजारी दुसरा. मग मोजण्यात अर्थ राहिला नाही. चंबू कापूस भरल्यासारखा भरून आला.

खिडकीवर टकटक झाली. सरांनी काचेला नाक लावले होते आणि ते काहीतरी बोलत होते. आवाज बंद काचेतून बारीक आला, पण शब्द ओळखू आले. "मावशी! सुया! मावशी, सुया आहेत!"

दोन वर्षांत त्यांनी तिला मावशी म्हटलेले ते पहिलेच. खाली बघून त्यांनी लगेच शर्ट नीट केला.

गाळून, वाळवून तिने एक चिमूट तिथल्याच कोमट पाण्यात टाकली. दिसेनाशी झाली. बाकीचा माल दोन छोट्या बाटल्यांत भरला, बुचांवर कागद चिकटवून त्यावर मास्तरांनी आणि मी सह्या केल्या. बाटल्या विभागात न नेता थेट शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका तपासणी संस्थेकडे पाठवल्या. तीन आठवड्यांनी अहवाल आला: पदार्थ एकच, रचना दोन. सुया विरघळतात, दाणे विरघळत नाहीत. सरांनी सगळीकडे कळवायचे ते कळवले, फक्त मजकूर वेगळा होता.

प्रबंधात ते प्रकरण राहिले. त्याच्या शेवटी धाकटीने एक वाक्य लिहिले आहे, की वरील कृतीने सुया मिळतात, मात्र विभागाच्या प्रयोगशाळेत आता मिळत नाहीत. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्या वाक्यावर बोट ठेवले.

"मग अशा औषधाचा उपयोग काय? कारखान्यात एक दिवस दाणे आले की संपलं."

"बरोबर आहे, सर," ती म्हणाली. "तपासणीवर मी असते तर मी ते परत पाठवलं असतं. आता दाणेच विरघळतील असा कोट शोधायला हवा."

तिला पहिला वर्ग मिळाला. आता ती त्याच विभागात नव्या मुलांची प्रात्यक्षिके घेते आणि उरलेल्या वेळात तो दुसरा कोट शोधते. अजून सापडलेला नाही. घरी आल्यावर स्वेटर व्हरांड्यात काढून ठेवल्याशिवाय तिला आत प्रवेश नाही. हा नियम पत्नीने केला आहे आणि त्याचा दाण्यांशी संबंध उरलेला नाही.

त्या रविवारी आवराआवर करताना शाळेचे नरसाळे धाकटीच्या पिशवीत गेले आणि दुसऱ्या दिवशी पिशवी विभागात उघडली गेली. आता ते शाळेत परत नेता येत नाही, कारण सुया होतात अशी तीच एक खोली शिल्लक आहे. मास्तर पैसे घ्यायला तयार नाहीत, त्यांना त्याच मापाचे नरसाळे हवे आहे, आणि ते माप बाजारात सध्या नाही. शाळेचे एक नरसाळे, किंमत एकशे पंच्याऐंशी रुपये, देणे बाकी आहे.